पेटी कॉलेजची

—नाही, नाही, वसंतराव, उठायची भाषा नको. चपला पायरीखाली काढल्यात, गादीवर टेकलात, आणि आता बोहनी झाल्याशिवाय उठता? सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही — मला मालूम आहे, गिऱ्हाईक म्हणून नाही आलात, कॉलेजातल्या डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय, आमच्या सुलभाच्या रंगाच्या नमुन्यांची पेटी न्यायला आलात — पण देवास गेटच्या बाजारात हा भेद चालत नाही. कुलूप उघडल्यावर पहिला जो माणूस गादीवर बसला, तो बोहनीचा. तो रिकाम्या हातानं उतरला की बाकीचे दिवसभर पायरीवरनंच परत जातात. पुण्याकडचे भवानी म्हणतात, आपण बोहनी म्हणतो, गोष्ट एकच. तुमचे वडील — काय माणूस होता — एकदा फक्त पत्ता विचारायला आले होते, टेकले, आणि ध्यानात आलं की आपण पहिलेच आहोत. मुकाट्यानं एक पंचा घेतला. म्हणाले, भय्यासाहेब, मला पंच्याची गरज नाही, पण तुमचा दिवस कशाला मोडू. त्यांचे चिरंजीव तुम्ही. डॉक्टरसाहेबांनी तुमच्याऐवजी एखादा शिपाई धाडला असता ना, तर त्यानं पेटी उचलली असती आणि चालता झाला असता. त्यांनी उज्जैनच्या चांगल्या घरातला माणूस पाठवला. ही त्यांची चूक, तुमची नाही.

पेटी? ही काय, तुमच्या पाठीशी. लोडाऐवजी तिलाच टेकून बसलायत की. पत्र्याची, हिरवी, वर कॉलेजचं नाव पांढऱ्या अक्षरात — बघा, खात्री करून घ्या. किल्ली तेवढी नाही. किल्ली सुलभाकडे, आणि सुलभा गेलीय महाकालाच्या दर्शनाला, आईबरोबर. येईलच. बंद पेटी न्या म्हणता? तसं कसं, वसंतराव. उद्या साहेब म्हणतील आतले दोन नमुने कमी भरले, मग ते खापर कोणावर? तुमच्यावर. ती येऊ दे, उघडू, तुम्ही डोळ्यांनी बघा, मग न्या. — ओ मियाँ, घोडे को उधर नीम के नीचे ले लो, साब को अभी टैम लगेगा। — वैशाखाचं ऊन, बिचारं जनावर. हं, तर काय दाखवू? नंदावहिनींसाठी लुगडं? नको? बरं, नुसतं बघा, बघायला काय जातं. हे कापडाचं थान कालच भैरवगडहून आलंय. हात लावा. अहो, लावा.

कसंय, आमच्या पोतनिसांच्या घराण्यात मी पहिला कापड विकणारा. आजोबांचे आजोबा शिंदेशाहीत दफ्तरात होते, पालखीनं ऑफिसला जायचे म्हणतात — मी काही पाहिली नाही ती पालखी. चौथीत मास्तरांनी छडी मारली आणि मी शाळेतनं जो पळालो तो थेट या गादीवर, एका गुजराती शेठजींकडे. घरात रडारड. पोतनिसांचा पोरगा गजानं कापड मोजणार. इंग्रजी? इंग्रजी मी डब्यांवर शिकलो, वसंतराव. रंगाचे डबे यायचे ना विलायतेहून, त्यांच्यावर वाघ, हत्ती, नाचणारी बाई, आणि खाली अक्षरं. शेठजी म्हणायचे, वाघवाला लाल काढ, हत्तीवाला निळा काढ. मी म्हटलं, चित्र काय बघायचं, अक्षरं बघू. त्यात एक शब्द सगळ्या डब्यांवर — बाझल. मला वाटायचं कंपनीच्या मालकाचं नाव असेल. बाझलसाहेब. मोठा होईपर्यंत मी त्या बाझलसाहेबांना मनात पगडी घालून बसवलं होतं. मग कळलं की ते गाव आहे, स्वित्झर्लंडात, नदीकाठी, आणि गावभर रंगाचे कारखाने. म्हणजे भैरवगडच, जरा थंड.

बोर्ड पाहिलात का वरचा? तीनदा रंगवला. आधी खाली ‘ग्वाल्हेर राज्य’ होतं. मग स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, पेंटरला बोलावलं — ‘मध्यभारत’. तो रंग नीट वाळतोय न वाळतोय तर छप्पन साली मध्यभारतच गेलं, आता ‘मध्यप्रदेश’. या खेपेला पेंटरला म्हटलं, बाबा, राज्याचं नाव जरा पातळ रंगात लिही, पुसायला बरं पडेल. तीन राज्यं बदलली, मी आहे तिथंच मांडी घालून. म्हणून मला या नव्या दफ्तरांची भीती वाटत नाही. तुम्हाला वाटते, साहजिक आहे, तुमची नोकरी आहे. पण सुलभाच्या परदेशातल्या परिषदेच्या प्रवासाची मंजुरी मध्यभारतात झाली होती की नाही? झाली होती. राज्य गेलं, कागद ट्रकमध्ये बसून नव्या राजधानीला गेले, आणि तिथल्या कोणा हुशार माणसानं ठरवलं की एका विषयाला एकच प्रतिनिधी पुरे, आणि तो कोण, तर विभागप्रमुख. डॉक्टरसाहेबांना काही करावंच लागलं नाही म्हणतात. मी विश्वास ठेवतो. मी सगळ्यांवर ठेवतो. हे बघा, हा काठ कसा उतरलाय, ठसा कुठं सरकलाय का सांगा.

सुलभाचं काम तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही तिच्याच शेजारच्या टेबलावर काम केलंय, पण हे सुरू कुठं झालं ते नसेल ठाऊक. सात-आठ वर्षांची होती. मी भैरवगडला माल बघायला जाताना तिला सायकलच्या दांडीवर घ्यायचो. तिथे छिपे तुरटीच्या लगद्यानं ठसे उमटवायचे — दिसत काहीच नाही, कापड पांढरंच — मग नदीत धुवायचे, मग तांब्याच्या मोठ्या हंड्यात लाल पूड घालून उकळायचे. आणि जिथं तुरटी लागली तिथंच लाल उमटतो, बाकी पांढरं राहतं. पोरीला वाटलं जादू. सगळ्या पोरांना वाटतं. पण हिनं काय विचारावं — अण्णा, आपल्या घरी नळाच्या पाण्यात केलं तर एवढाच लाल येईल? मी म्हटलं, येईल की, पाणी ते पाणी. दुसऱ्या दिवशी हिच्या आईच्या आमटीच्या पातेल्यात प्रयोग. दुर्गेनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पातेलं लाल केलंय. आणि रंग आला विटकरी. मेलेला. तिनं ते फडकं उचललं, उजेडात धरलं, आणि मला म्हणाली, अण्णा, तुम्हाला मालूम नव्हतं. रागानं नाही हं. नोंद केल्यासारखं.

तोच प्रश्न. त्याच्यावर मॅट्रिक, त्याच्यावर बी.एस्सी., त्याच्यावर डॉक्टरी. किती विहिरींचं पाणी आणलं, पावसाचं धरलं, नदीचं हिवाळ्यातलं वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं. घरात प्यायला पाणी कुठल्या घागरीतलं घ्यायचं हे विचारून घ्यावं लागायचं. विलास, तिचा धाकटा भाऊ, एकदा तिची अख्खी बाटली पिऊन बसला, तर ही डॉक्टरला बोलवायच्या ऐवजी विचारते, चव कशी होती. आणि शेवटी निघालं काय — की नदीच्या पाण्यात चुना आहे, विरघळलेला, दिसत नाही, आणि तो चुना तुरटीला आणि रंगाला एकत्र बांधतो. पाणी जितकं निर्मळ तितका रंग मुका. मी एवढंच समजतो, तिच्या प्रबंधातलं एक पानही मला धड कळत नाही, सगळ्या आकृत्या जाळीदार, मधमाशांच्या पोळ्यासारख्या. पण आग्र्याला तोंडी परीक्षेला मी बरोबर गेलो होतो. बाहेर बाकावर बसलो होतो. आतून परीक्षक बाहेर आले, म्हातारे गृहस्थ, हातात ओला रुमाल. त्यांनी तिचा नमुना त्यानं घासून पाहिला होता. मला ओळखत नव्हते, तरी रुमाल दाखवला, म्हणाले, देखिए, ज़रा भी रंग नहीं छोड़ा। आणि तोच ओला रुमाल घडी करून खिशात घालून निघून गेले. मी पेढे आणले होते, द्यायचे राहूनच गेले.

चहा घ्या. समोरून मागवतो — भैया, दो चाय, एक में शक्कर कम। — तुमच्या चहात साखर चालते ना? बरं.

इंदूरला तुम्ही होतात? सभामंडपात, गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात, ती सभा झाली ना रसायनवाल्यांची, बाहेरदेशचे पाहुणे आले होते. तुम्ही चौकटीपाशी उभे होतात, मी पाहिलं तुम्हाला. मी मागे, खांबाआड, कारण माझं धोतर, आणि तिथं सगळे सूटवाले. सुलभाचं काम, आणि व्यासपीठावर डॉक्टरसाहेब. ठीक आहे, म्हटलं, गुरू आहेत, वाचू देत. छान वाचलं. आवाज काय आहे हो त्यांचा, आकाशवाणीचा आवाज. मग एक गोरे पाहुणे उठले, अगदी साधं विचारलं त्यांनी, म्हणजे मला सुद्धा समजलं, की डिस्टिल वॉटरमध्ये रंगवलं तर काय होईल. आणि साहेब हसून म्हणाले, अर्थात अधिक खुलेल, शुद्ध पाणी ते शुद्ध पाणी.

वसंतराव, मी त्या क्षणी सुलभाकडे पाहिलं. चौथ्या रांगेत, निळं लुगडं. ती उठेल असं मला वाटलं. हात वर करेल. तिनं काय केलं — पदर घट्ट ओढून घेतला आणि जमिनीकडे पाहिलं. ते पाहुणे ‘थँक यू’ म्हणून बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर ओळखू येतं. माल बघून, भाव न विचारता थान खाली ठेवणारं गिऱ्हाईक. संपलं. आगगाडीत परत येताना ती खिडकीशी. मी म्हटलं, बेटा, बोलली का नाहीस? म्हणाली, अण्णा, त्यांच्यामुळे मला डिग्री मिळाली. दोन दिवस जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत जाऊन डिस्टिल वॉटरमधले नमुने करत बसली. कशाला, विचारलं. म्हणाली, असू देत, हेही असायला हवेत.

मग बाझलहून बोलावणं आलं. त्या इंदूरच्या पाहुण्यांनीच कुठं तिचा प्रबंध मिळवून वाचला असणार. रंगशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद, आणि वर काय, तर ‘डॉक्टर मिस सुलभा पोतनीस’. बाझल. मी तो शब्द पाहिला आणि मला हसूच आवरेना, ती म्हणे अण्णा काय झालं, मी काय सांगणार — माझे बाझलसाहेब, पगडी घालून बसलेले. आणि डॉक्टरसाहेब घरी आले, दुर्गेच्या हातचा शिरा खाल्ला, आणि मला म्हणाले, भय्यासाहेब, मुलीची जात, एकटी, समुद्रापार, परत आल्यावर लग्नाचं बघायला जड जाईल. मी वाचतो तिथे, शेवटी तिचे आभार मानीन. आभार. म्हणजे लग्नात आचाऱ्याचे मानतात तसे. मी काय केलं? आणखी शिरा वाढला. दुकानदार माणूस गिऱ्हाइकाशी भांडत नाही, वसंतराव, तो फक्त माल फडताळात परत ठेवतो.

पण तिथे नुसता कागद वाचून चालत नाही ना. तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं मला, मघाशी. टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकानं आपले नमुने ठेवायचे, लोक फिरून बघतात, विचारतात. म्हणून पेटी हवी. नमुन्यांशिवाय साहेब तिथे नुसता आवाज. आणि पेटी कॉलेजची, हे तुमचं म्हणणं एकदम बरोबर आहे, मी त्याच्यावर वाद घालत नाही. पेटी कॉलेजची. कापड माझ्या फडताळातलं, ठसे भैरवगडचे, पाणी क्षिप्रेचं, डोकं तिचं, आणि पेटी कॉलेजची. पेटी तुम्हाला मिळेल. माझा शब्द.

हं, चहा आला. नुसता नका घेऊ, थांबा, घरचं काहीतरी — हा डबा — घ्या, दशमी घ्या. लोणचं लावून. दुर्गेच्या हातची, आज पहाटेची, तीन वाजल्यापासून शेगडीशी होती, ताजी आहे, मऊ —

काय झालं? आवडली नाही?

हो. दशमीच आहे. दुधात भिजवलेली. टिकते, हो, चार-पाच दिवस टिकते. म्हणूनच करतात... नाही, कोणी कुठं जात नाही, विलास जातोय, मुंबईला, माल आणायला, दर वैशाखात जातो. एकट्या विलासला एवढ्या कशा, असं म्हणताय? म्हणजे तुम्ही काही म्हणालाच नाहीत, मीच म्हणतोय. तो खातो पुष्कळ.

वसंतराव. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत.

पाहा की, घड्याळ बघायलाच लावलंय. स्टेशन इथनं हाकेवर आहे, तेही तुम्हाला ठाऊक. नागद्याची गाडी अजून फलाटावर उभी असेल. तिथे मुंबईची मेल मिळते. टांगा बाहेर उभा. तुम्ही आत्ता उठलात तर पोचाल. मी अडवू शकत नाही, साठी झालीय माझी, आणि बोहनीचं म्हणाल तर आजकाल कोण मानतं. फलाटावर जाल, कॉलेजच्या नावानं सामान थांबवाल, गार्ड ऐकेल तुमचं, शिकला-सवरलेला माणूस. ती भांडणार नाही. इंदूरला नाही भांडली, तिथेही नाही भांडणार, पदर ओढून घेईल आणि खाली बघेल. तेवढी मला तिची खात्री आहे. म्हणूनच मी...

थांबा, एक विचारू? रागावू नका. तो काळ्या रंगाचा शोध — लोखंडाचा गंज आणि गूळ कुजवून छिपे जो काळा करतात, तो कापड का खातो, आणि न खाण्यासाठी काय करायचं — ते काम कोणाचं होतं? सुलभा सांगायची घरी. वसंतराव रात्र रात्र बसतात, गुळाच्या वासानं त्यांच्या अंगावर माश्या बसतात, आम्ही हसतो. छापून आलं तेव्हा मी ते मासिक मुद्दाम मागवलं. तुमचं नाव शोधलं. मला इंग्रजी डब्यांवरचं येतं, म्हणून वाटलं आपल्यालाच सापडत नसेल. तर विलासकडून शोधवलं. खाली होतं, अगदी खाली, बारीक. आभार.

मी टोमणा नाही मारून राहिलो. तुमच्या घरी बहीण होती लग्नाची, आईचं दुखणं, नोकरी पक्की व्हायची होती, सगळं ठाऊक आहे मला, उज्जैन केवढं आहे. तुमच्या जागी मीही खाली पाहिलं असतं. फक्त एवढंच, की तुम्हाला दशमी कळली, तसं हेही कळत असेल.

...

हे लाल थान? हे दाखवू? हो, का नाही. हे जरा वरच्या खणात आहे, काढायला वेळ लागतो. पूर्ण उलगडू? बरं. पूर्ण उलगडतो. धरा तुम्ही ते टोक. हे बघा, हा रंग — याच्यात ऊन धरलं की आत आणखी एक लाल दिसतो, खालचा, दिसतो का? दिसतो ना. तेच तिचं काम. आणखी एक आहे, फुलांचं, तेही बघता? बघा. सावकाश बघा. चहा आणखी सांगू? सांगतो. — भैया, दो और। —

तुम्ही फार चांगलं कापड निवडता, वसंतराव. तुमच्या वडिलांसारखं.

खरं सांगायचं तर मी जायला हवं होतं फलाटावर. दुर्गा म्हणाली सुद्धा, एक दिवस दुकान बंद ठेवलंत तर काय जगबुडी होईल. पण काल विलासनं बातमी आणली की साहेब आज सकाळीच कोणाला तरी पेटीसाठी धाडणार, आधी दुकानात, मग घरी. दुकान बंद दिसलं की माणूस सरळ घरी जाणार, आणि शेजारची माई दाराशीच उभी असते, ती पहिल्या प्रश्नाला सांगणार, स्टेशनवर गेलीत सगळी. मग कोणीतरी इथं बसायलाच हवं होतं. आणि बसून बोलायचं काम आमच्या घरात माझ्याइतकं कोणाला जमत नाही. तर मी पहाटे तिला ओट्यावरच निरोप दिला. वाकली, पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, रुमाल घेतलेस ना. बावीस हजार गोष्टी होत्या बोलायच्या आणि मी म्हणालो रुमाल घेतलेस ना. ती म्हणाली, हो अण्णा. आणि बोलशील ना, मी विचारलं, तिथे कोणी विचारलं तर. तर तिनं —

ऐका.

ऐकलंत? शिट्टी. हीच. सकाळी या बाजूनं दुसरी गाडी नाही.

...

दुसरी शिट्टी पुलाखालून देते. आता देईल. ही. गेली.

मला वाटलं होतं आनंद होईल. होईल, होईल जरा वेळानं. तिकीट बाझलवाल्यांनीच धाडलं, आणि त्यांनी विचारलंय तिला, परिषद झाल्यावर राहशील का, दोन वर्षं, त्यांच्याकडे काम करायला. तिनं मला हो-नाही काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिची आई विचारते, येईल ना हो परत? मी म्हणतो, येईल. कापडाचं काय, धागा इथला. पण मी पाहिलंय, वसंतराव, भैरवगडचा माल एकदा बाहेर गेला की परत नाही येत, लोक तिकडेच वापरतात, आणि वापरायलाच तर जातो तो. हे मी तुम्हाला का सांगून राहिलोय, मला कळत नाही. तुम्ही पेटीसाठी आलात.

किल्ली. ही काय, माझ्या जानव्याला. सकाळपासून इथंच होती. महाकाल माफ करेल, त्याच्या नावावर एवढं खोटं रोजच खपतं बाजारात. सरका जरा. उघडतो. घट्ट झालंय... हं. बघा आत. चिठ्ठ्या लावलेल्या, सुलभाच्या हातच्या, तारीखवार. सगळे नमुने आहेत, एकही कमी नाही — डिस्टिल वॉटरमधले. अगदी शुद्ध पाण्यातले. काढा, उजेडात धरा. विटकरी. मातकट. आमटीच्या पातेल्यातला रंग. बाकीचे, नदीच्या पाण्यातले, तिच्या वळकटीत गेले, माझ्या फडताळातल्या कापडाच्या घडीत गुंडाळून. पण हे मुद्दाम साहेबांसाठी ठेवलेत तिनं. रात्री स्वतः भरले, नीट, वाळ्याच्या काड्या घालून, कसर लागू नये म्हणून. साहेब म्हणाले होते ना, शुद्ध पाण्यात खुलतो. त्यांनी बाझलच्या टेबलावर हे मांडावेत. ते गोरे पाहुणे असतीलच तिथे. शेजारच्या टेबलावर सुलभाही असेल.

तुम्ही हसलात. पहिल्यांदा हसलात आज.

साहेबांना काय सांगायचं? सांगा, पेटी कॉलेजची होती, पेटी आणली. कुलूप शाबूत, वर कॉलेजचं नाव. तुम्ही उशिरा आलात? नाही, तुम्ही सकाळी पहिलेच आलात, मी साक्षीला. म्हाताऱ्यानं बोलण्यात गुंतवलं म्हणा. उज्जैनभर खरं वाटेल. आणि घड्याळाकडे कधी पाहिलंत, आणि मग लाल थान का मागितलंत, हे मी कोणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण स्वतः विसरू नका. तो काळा रंग अजून कोणी पुढे नेलेला नाही म्हणतात.

आता बोहनी. लाल थान नको, ते तुम्हाला परवडणार नाही आणि मला विकायचं नाही. हा रुमाल घ्या. एकच. आणा पैसे, गल्ल्यात नका टाकू, हातात द्या, पहिली कमाई हातात घ्यायची असते. हं. झाली बोहनी.

— ओ मियाँ, पेटी उठाओ, सँभल के, सरकारी माल है। —

चला, वसंतराव. उठा आता. उतरा खाली, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आणि मला माझा दिवस करायचाय. चपला त्या बाजूला आहेत. तुमच्या. नाही, त्या माझ्या आहेत, मी स्टेशनवर जायला काढून ठेवल्या होत्या.